जुळ्या बाळांची रात्रीची झोप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या दोन्ही मुली ३५व्या आठवड्यात, तीन मिनिटांच्या अंतराने जन्मल्या. घरात आम्ही त्यांना मोठी आणि धाकटी म्हणतो, इथेही तसंच म्हणते. आता त्या पाच वर्षांच्या आहेत, नऊला झोपल्या की सकाळी हाक मारेपर्यंत उठत नाहीत. पण पहिलं दीड वर्ष कसं गेलं ते मला तारीखवार सांगता येतं, कारण वहीत लिहून ठेवलंय. ओळखीतून, ओळखीच्या ओळखीतून जुळ्यांच्या आया फोन करतात, बहुतेकदा रात्री अकरानंतर, आणि प्रश्न जवळजवळ तेच असतात. मी डॉक्टर नाही. औषधपाण्याच्या आणि सुरक्षिततेच्या गोष्टी आमच्या बालरोगतज्ज्ञांकडून शिकले आणि नंतर वाचून खात्री करून घेतल्या.

एक गोष्ट आधीच सांगते. ‘बाळं रात्रभर झोपली पाहिजेत’ हे पहिलं ध्येय ठेवू नका. पहिलं ध्येय ठेवा ते घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला चोवीस तासांत एकदा तरी सलग चार तास झोप मिळण्याचं. बाळांची झोप वयानुसार पिकते, तिला आपण हातभार लावू शकतो. तोवर तग धरायचा तर आईबापांची झोप आधी.

रात्रभर झोप म्हणजे नेमकी किती?

शेजारची काकू ‘आमचा रात्रभर झोपायचा’ म्हणते तेव्हा तिच्या मनात दहा ते सहा असतं. डॉक्टर आणि संशोधक मात्र सलग सहा तास झोपलं तरी त्याला रात्रभरची झोप धरतात. कॅनडात मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी ३८८ बाळांची पाहणी केली, २०१८ साली ती प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांच्या बाळांपैकी ३८ टक्के सलग सहा तास झोपत नव्हती. वर्षाच्या बाळांतही २८ टक्के झोपत नव्हती. जी झोपत नव्हती त्यांच्या वाढीत काही खोट दिसली नाही.

ही बहुतेक पूर्ण दिवसांची, एकेकटी जन्मलेली बाळं होती. तुमची दोन आहेत आणि बहुधा लवकर आलेली आहेत. तेव्हा सातव्या महिन्यात एक बाळ दोनदा उठत असेल तर तुमचं काही चुकलेलं नाही.

सुरुवात कोणत्या वयापासून करायची?

जन्मतारखेवरून वय मोजू नका. जुळ्यांपैकी निम्म्याहून जास्त ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात. अशा बाळांचं वय डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून धरायचं, त्याला डॉक्टर करेक्टेड एज म्हणतात. समजा तारीख १५ मार्चची होती आणि बाळं १० फेब्रुवारीला आली. १० ऑगस्टला घरचे ‘सहा महिने झाले’ म्हणतील, पण झोपेच्या हिशेबात ती अजून पाचचीही पुरती नाहीत. दोन वर्षांपर्यंत हा हिशेब असाच ठेवतात.

या वयाने तीन महिन्यांच्या आत झोप ‘शिकवायला’ जाऊ नका. दिवस आणि रात्र वेगळी असतात हे मेंदूला कळायलाच पहिले दोन-तीन महिने लागतात. त्या आधी चोवीस तासांत चौदा ते सतरा तास झोप होते, पण तुकड्यातुकड्यांत. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून रात्रीचा क्रम बसवायला घ्या. स्वतःहून झोपायची सवय लावायची असेल तर सहा महिने पूर्ण होऊ द्या आणि वजनाबद्दल डॉक्टरांचा होकार घ्या.

मग पहिले तीन महिने नुसतं सोसायचं?

नाही, बरंच करता येतं. दिवसा पडदे उघडे ठेवा. मिक्सर, कुकरची शिट्टी, बोलणंचालणं सुरू राहू द्या. बाळंतिणीची खोली दिवसा अंधारी ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, ती मोडा. सकाळचं कोवळं ऊन खिडकीतून आत आलेलं चांगलं. रात्री याच्या उलट: मिणमिणता दिवा, बोलणं नाही, डोळ्याला डोळा भिडवून हसणं नाही. दूध, ढेकर, लंगोट, परत गादी.

पाळ्या लावा. माझा नवरा तेव्हा एमआयडीसीत पाळ्यांमध्येच कामाला होता, म्हणून ही कल्पना आम्हाला सोपी गेली. रात्री नऊ ते दीड त्याची पाळी, दीड ते सहा माझी. त्याच्या पाळीत मी दुसऱ्या खोलीत, दार लावून. मी काढून ठेवलेलं दूध तो वाटीचमच्याने पाजायचा. काढलेलं दूध पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, आपल्या उन्हाळ्यात तेवढा वेळ धरू नका, सरळ फ्रिजमध्ये ठेवा. त्याची रात्रपाळी असलेल्या आठवड्यात ती जागा माझ्या आईने घेतली. ‘दोघंही जागे आहोत’ ही जुळ्यांच्या घरातली सगळ्यात महागडी चूक आहे. एकाने बाळं बघायची, दुसऱ्याने झोपायचंच. नुसतं पडून राहायचं नाही.

आणि वही. भिंतीवर खिळ्याला दोरीने बांधलेली, मधोमध रेघ, डावीकडे मोठी, उजवीकडे धाकटी: किती वाजता दूध, किती वेळ, लघवी, शी. पहिल्या पंधरवड्यात एका रात्री पावणेतीनला मी मोठीलाच दोनदा पाजलं आणि धाकटी भुकेने रडरड रडली, मला कळेचना हिला झालंय काय. दुसऱ्या दिवसापासून वही आली, आणि रात्री मोठीला कायम पिवळं झबलं, धाकटीला पांढरं. अंधारात चेहरे कळत नाहीत, रंग कळतो.

बाळं कमी वजनाची असतील तर दवाखान्यात कांगारू केअर शिकवतात, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवणं. घरी आल्यावरही ते सोडू नका, बाबांनीही करावं. मात्र छातीशी धरणारा माणूस पूर्ण जागा हवा. पेंग येऊ लागली की बाळ गादीवर.

एक उठली की दुसरीलाही उठवून पाजायचं का?

पहिल्या तीन-चार महिन्यांत, माझं उत्तर हो. झोपलेल्या बाळाला उठवू नये म्हणतात, पण ते एकाच्या घरात. मोठी एकला उठली, पिऊन पावणेदोनला झोपली, आणि दोनला धाकटी जागी झाली, तर आईची रात्र संपली. मोठीचं पिऊन झालं की लगेच धाकटीला उचला. पूर्ण जागं करायची गरज नसते. लंगोट बदलला, तळपायाला जरा चोळलं की अर्धवट झोपेतही पितात. जमत असेल तर दोघींना एकाच वेळी अंगावर घ्या, दोन्ही काखांखाली उशा लावून, त्यांचे पाय मागच्या बाजूला. हे आठ-दहा दिवस कोणीतरी मदतीला असताना शिका, एकटीने पहिल्यांदा करायला जाऊ नका.

वजन नीट वाढतंय आणि डॉक्टरांनी मोकळीक दिलीय असं झालं की उलट करा. जी उठेल तिलाच पाजा आणि दुसरीला झोपू द्या, म्हणजे तिची झोप किती लांबते ते कळतं. वजन कमी असेपर्यंत डॉक्टर दर दोन-तीन तासांनी पाजायला सांगतात, तेव्हा बाळ पाच तास झोपलं म्हणून खूश होऊन गजर बंद करू नका.

दोघींना एकाच पाळण्यात झोपवू का? पोटात तर एकत्रच होत्या.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि इथे मी ठाम आहे: नको. अमेरिकेची बालरोगतज्ज्ञांची संघटना जुळ्यांनाही प्रत्येकी वेगळी जागा द्यायला सांगते. एकीचा हात दुसरीच्या तोंडावर येतो, एकीचं दुपटं दुसरीच्या नाकावर जातं, एकमेकींच्या उबेने दोघी तापतात. झोपेत बाळ अचानक दगावण्याचा धोका दिवसांआधी आलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांना जास्त असतो, आणि जुळी बहुतेकदा त्यांतलीच असतात. खोली एकच असू द्या. पहिले सहा महिने तरी आईबापांच्याच खोलीत झोपवावं असं सांगतात. जागा मात्र दोन.

बाकीचे नियम थोडके आहेत आणि ते दुपारच्या दहा मिनिटांच्या डुलकीलाही लागू आहेत. पाठीवरच झोपवायचं. गादी सपाट आणि घट्ट, दाबली तर खड्डा पडू नये अशी. अंथरुणात उशी, लोड, गोधडी, मऊ खेळणं काही नाही. पाठीवर झोपवल्याने दूध घशात अडकून बाळ गुदमरेल ही भीती घराघरांत आहे, पण निरोगी बाळाच्या बाबतीत ती खरी नाही. अमेरिकेत १९९४ पासून पाठीवर झोपवण्याची मोहीम चालवली, त्यानंतर झोपेतले अचानक मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

आता आपल्या घरातल्या वस्तू. मोहरीची उशी डोकं गोल व्हावं म्हणून लावतात. बाळ जागं असताना, पोटावर थोडा वेळ खेळवलं की डोक्यावरचा दाब आपोआप बदलतो, उशीची गरज नाही. झोळीत बाळ वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि लहानग्याची श्वासनळी तेवढ्याने दबू शकते. आजी झोका देत समोर बसली असेल तेव्हाची गोष्ट वेगळी, पण रात्रभर झोळीत नको. कुंची, मोजे, स्वेटर हे बारशाच्या फोटोपुरते. झोपताना डोकं उघडं ठेवा आणि बाळाच्या मानेमागे हात लावून बघा, घामेजलेलं असेल तर एक कपडा काढा. घट्ट बांधलेलं दुपटं बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागलं की त्या दिवसापासून बंद. मच्छरदाणी जरूर लावा, ताणून, तोंडाला लागणार नाही अशी. कॉइल आणि धुरी खोलीत नको. धुरीबद्दल आमच्याकडे बरेच वाद झाले. शेवटी मी ओवा-शेपाची धुरी स्वयंपाकघरात घेऊ दिली आणि मुलींच्या खोलीचं दार बंद ठेवलं.

घर लहान आहे, दोन पाळण्यांना जागा नाही.

पाळणे हवेतच असं नाही. आम्ही जमिनीवर दोन पातळ कापसाच्या गाद्या घातल्या, घट्ट भरलेल्या, हातभर अंतरावर, भिंतीपासून दूर. मधे मी माझी सतरंजी टाकून बसायचे. जमिनीवरून बाळ पडत नाही आणि वीज गेली तरी मांडी न हलवता दोघींना हात पोहोचतो. मोठ्यांच्या पलंगावर, रजईखाली, दोघांच्या मधे मात्र नको, दिवसांआधीच्या बाळांना तर अजिबात नको. आणि बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर डुलकी काढणं सगळ्यात धोक्याचं.

एकीच्या रडण्याने दुसरी उठत नाही का?

सुरुवातीला वाटतं तितकी उठत नाही. दोघी एकमेकींच्या आवाजाला लवकर सरावतात. माझा अनुभव असा की मोठी टाहो फोडत असताना धाकटी गाढ झोपायची, आणि तीच धाकटी माझ्या बांगड्यांच्या किणकिणीने जागी व्हायची. धावत जाऊन, दिवा लावून, ‘उगी उगी’ करत आपणच दोघींना उठवतो. पंख्याचा एकसुरी आवाज असेल तर उत्तम. मोबाइलवर पावसाचे वगैरे आवाज लावायचे असतील तर हळू, आणि फोन बाळापासून दोन मीटर तरी लांब.

दोघी एकदम रडल्या तर आधी जी कमी रडतेय तिला शांत करा. जास्त रडणारीला वेळ लागणार असतो, तोवर कमी रडणारीही पेटते. आईच्या मनाला हे पटत नाही, पण हे चालतं.

रात्रीचा क्रम कसा बसवायचा?

तिन्हीसांजेपासून सुरू करा. दिवेलागणीला बहुतेक बाळं किरकिरतात. घरात कोणी म्हणतं दृष्ट लागली, आणि दृष्ट काढायला माझी ना नाही, मीठ-मोहरी ओवाळताना दोन मिनिटं घर शांत होतं ते बरंच. पण खरं कारण बहुतेकदा दिवसभराची थकावट असतं. त्या वेळी पाहुणे, टीव्ही, उड्या मारून खेळवणं वाढलं की बाळ थकव्यापलीकडे जातं आणि मग झोप आणखी लांबते.

आमचा क्रम असा होता. साडेसातला कोमट पाण्याने अंग पुसणं. मालिश-अंघोळ सकाळीच व्हायची, संध्याकाळी नुसतं पुसणं. मग रात्रीची झबली. पावणेआठला दूध, दिवा मंद करून, पण झोपण्याच्या खोलीत नाही, बाहेर. मग दोघींना दोन खांद्यांवर घेऊन खोलीत, एक जण असेल तर एकेक करून. खिडकीचा पडदा ओढायचा, पंख्याचं बटण दाबायचं, एकच अंगाई, रोज तीच. माझ्या आजीची होती, चार ओळींची. आठला गादीवर, पेंगुळलेल्या पण डोळे उघडे असताना.

या शेवटच्या ओळीत सगळं आहे, म्हणून ती सावकाश सांगते. बाळाच्या झोपेचा एक फेरा पन्नास-साठ मिनिटांचा असतो. प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी ते जरासं जागं होतं. मोठी माणसंही होतात, आपण कूस बदलतो आणि सकाळी आठवत नाही. बाळ ज्या अवस्थेत झोपलं तीच अवस्था त्याला त्या क्षणी हवी असते. मांडीवर हलवत झोपवलं आणि मग गादीवर ठेवलं, तर तासाभराने जाग आल्यावर ते मांडी शोधतं. गादीवरच डोळा लागला असेल तर गादीवरच पुन्हा लागतो. दूध पिता पिता झोपण्याचंही तसंच, म्हणून दूध आणि झोप यांच्यात अंगाईएवढं तरी अंतर ठेवायचं.

पहिल्या दिवशी हे जमत नाही. आठवडाभर धाकटीला गादीवर ठेवल्यावर मी तिच्या छातीवर हात ठेवून बसायचे. मग हात पोटावर, मग फक्त पायाला बोट, मग नुसती शेजारी. मोठी तिसऱ्याच दिवशी स्वतःची मूठ चोखत झोपली. दोघींना मी एकाच वेळी, एकाच पद्धतीने ठेवत होते. वेळ दोघींची एक ठेवा. पद्धत आणि गती दोघींची वेगळी असू द्या.

रडू द्यायचं का?

या प्रश्नावर घरं फुटायची वेळ येते, म्हणून जे माहीत आहे ते सांगते.

एकट्याला बंद खोलीत सोडून सकाळी दार उघडायचं, हे मी कुणाला सांगणार नाही. पण सहा महिन्यांनंतर, पोट भरलेलं आणि तब्येत बरी असताना, थोडं थांबून मग जाणं ही वेगळी गोष्ट आहे. बाळाला जागं असतानाच गादीवर ठेवायचं, खोलीबाहेर यायचं, रडलं तर तीन मिनिटांनी आत जाऊन थोपटायचं, उचलायचं नाही, परत बाहेर. मग पाच मिनिटांनी, मग दहा. दुसरी वाट अशी की बाळ खरोखर ज्या वेळी झोपतं, समजा साडेनऊला, त्याच वेळी गादीवर न्यायचं, आणि लगेच झोपू लागलं की वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे ओढायची. यात रडणं खूपच कमी. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला या दोन्ही पद्धती सहा ते सोळा महिन्यांच्या ४३ बाळांच्या गटावर तपासल्या, २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. दोन्हींनी बाळं लवकर झोपू लागली. वर्षभराने पाहिलं तेव्हा आईशी असलेल्या ओढीत किंवा वागण्यात फरक नव्हता. मेलबर्नला ३२६ मुलांचा सहा वर्षांची होईपर्यंत मागोवा घेतला होता, तो २०१२ साली आला. लहानपणी अशा पद्धतीने झोपवलेल्या मुलांना पुढे अपाय झालेला नव्हता. तसाच दूरगामी फायदाही दिसला नाही. फायदा त्या काळापुरता, पण तो काळ आईला जिवावरचा असतो.

म्हणजे करायचं तर अपराधी वाटून घेऊ नका आणि नाही केलं तरी मुलाचं काही बिघडत नाही. अट एकच, घरातल्या सगळ्यांचं आधी एकमत हवं. मधेच कुणी कळवळून उचललं की बाळाचं वीस मिनिटांचं रडणं व्यर्थ जातं आणि उद्या ते पंचवीस मिनिटं रडतं. आम्ही ‘वेळ अलीकडे ओढायची’ पद्धत धाकटीसाठी वापरली, मोठीला काहीच लागलं नाही. सुरू करायच्या आदल्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकूंना सांगून आले की चार-पाच रात्री आवाज येईल. त्या म्हणाल्या, ‘मी पण जागी राहीन गं तुझ्याबरोबर.’ दुसऱ्या रात्री सव्वादहाला धाकटी शांत झाली तेव्हा वरचा दिवा विझलेला मी खिडकीतून पाहिला.

एक झोपते, दुसरी नाही. असं का?

कारण त्या दोन वेगळ्या मुली आहेत. हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या जुळ्यांतही एक हलक्या झोपेची असू शकते. कधी कारण साधं असतं: जन्मतः वजन कमी असलेली मागे राहते, एकीला दूध वर येण्याचा त्रास असतो, एकीचं नाक चोंदलेलं असतं. नीट झोपणारीला काही दिवस दुसऱ्या खोलीत, आजीजवळ पण वेगळ्या गादीवर, हलवता आलं तर हलवा. ‘ही शहाणी, ती रडकी’ हे शब्द मात्र घरात कुणाच्याही तोंडी येऊ देऊ नका. आमच्याकडे दोन महिने तसं म्हटलं जात होतं. पुढे दहाव्या महिन्यात मोठी रात्री उठून बसायला लागली आणि धाकटी ढिम्म झोपायची.

रात्रीचं दूध कधी बंद करायचं?

निरोगी, वजन नीट वाढणारी बरीच बाळं सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान रात्रीच्या दुधावाचून राहू शकतात. अंगावर पिणारी एकदा उठतील, वर्षापर्यंतही उठतील, त्यात वावगं काही नाही. दोनदा पीत असतील तर आधी पहाटेचं नाही, मध्यरात्रीचं कमी करा, रोज एक-दोन मिनिटं. दिवसाचं दूध आणि खाणं त्याच प्रमाणात वाढवा. पोट दिवसा भरलं तरच रात्री गप्प बसतं. दिवसांआधीच्या बाळांना लोहाचे आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब दिलेले असतात, ते चुकवू नका.

झोप लागावी म्हणून जायफळ, गुटी, नाचणीचं सत्त्व?

जायफळ नको. वेढे मोजून उगाळलं तरी सहाणेवरून किती उतरलं याला मोजमाप नाही, आणि जास्त झालं तर जायफळ बाळाला सुस्त करतं, ते विषारी ठरू शकतं. एके काळी मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बायका बाळ झोपून राहावं म्हणून अफूची गोळी द्यायच्या. त्यांना दुसरी सोयच नव्हती. आपल्याला आहे. मध वर्षाच्या आत चाटवायचाही नाही, त्यातल्या जिवाणूंमुळे बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. सर्दीची झोप आणणारी औषधं मनाने अजिबात देऊ नका.

सत्त्व, पेज, वरणाचं पाणी सहा महिने झाल्यावर, उष्टावणानंतर. ‘पोट जड झालं की झोपेल’ म्हणून चौथ्या महिन्यात भरवायला घेऊ नका.

चार महिन्यांपर्यंत बरं चाललं होतं, अचानक बिघडलं.

या वयात झोपेची घडण बदलते, फेरे मोठ्या माणसासारखे होऊ लागतात, मधली जाग वाढते. दोन ते सहा आठवड्यांत स्थिरावतं. दोघींचं एकाच वेळी होईल असं नाही, एकीचं संपताना दुसरीचं सुरू होतं. क्रम सोडू नका आणि नवी सवय लावू नका.

नोकरी करणाऱ्या आयांचा नेमका हाच काळ येतो. मातृत्व रजा २६ आठवड्यांची, त्यांतले काही आठवडे बाळंतपणाआधीच संपलेले असतात. शक्य असेल तर उरलेली सुट्टी जोडून कामावर जाणं महिनाभर पुढे ढकला. नसेल तर पहिले पंधरा दिवस रात्रीची पहिली पाळी दुसऱ्या कुणाकडे तरी द्याच.

दिवसाच्या झोपेचं काय?

दिवसा कमी झोपवलं तर रात्री जास्त झोपतील असं होत नाही, उलट होतं. साधारण सहा महिन्यांना तीन डुलक्या, नऊ महिन्यांना दोन, दीड वर्षाच्या आसपास एक. दोघींची सकाळची जाग अर्ध्या तासाच्या फरकात ठेवा, जी झोपलीय तिला उठवा. दिवसाची वेळ जुळली की रात्रीची जुळते. संध्याकाळी साडेपाचनंतर डुलकी नको.

आजी मांडीवरच झोपवते. काय करू?

तिला दिवसाची एक डुलकी द्या, तिच्या मांडीवरची. सासूबाईंना मी म्हटलं, ‘दुपारची धाकटी तुमची, रात्रीची गादीवर.’ त्यांनी ते पाळलं. बाळाला दिवसाची मांडी आणि रात्रीची गादी हा फरक समजतो. आजीला सरळ ‘सवयी बिघडवता’ म्हटलं तर रात्रीची मदतही जाते, आणि जुळ्यांच्या घरात दोन हात जाणं परवडत नाही. दवाखान्याच्या खेपेला त्यांना बरोबर न्या. पाठीवर झोपवायचं हे माझ्या तोंडून त्यांना पटलं नाही, डॉक्टरांनी सांगितल्यावर पटलं.

मला झोपायला मिळालं तरी झोप येत नाही, सारखं रडू येतं.

हे बाळांच्या झोपेपुरतं नाही, ताई. बाळंतपणानंतरचं नैराश्य जुळ्यांच्या आयांना जास्त गाठतं. दोन आठवड्यांनंतरही मन सावरत नसेल, बाळांकडे बघावंसं वाटत नसेल, जीव नकोसा वाटत असेल किंवा बाळांना काही करून बसेन अशी भीती वाटत असेल, तर आजच घरात सांगा आणि डॉक्टरांना भेटा. सरकारची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालते, तिथे मराठीत बोलता येतं. स्तनपान चालू असताना घेता येणारी औषधं आहेत. मी स्वतः चौथ्या महिन्यात उपचार घेतले, तीन महिन्यांत मला अन्नाची चव परत कळायला लागली.

डॉक्टरांकडे कधी न्यायचं?

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला तर सकाळची वाट बघू नका. श्वास मधेच थांबतो, ओठ निळसर होतात, छाती आत ओढली जाते, बाळ इतकं सुस्त की पाजायला उठतच नाही, ही सगळी लगेच निघायची कारणं. रोज घोरत असेल, वजन वाढत नसेल, दूध पिऊन दर वेळी धनुष्यासारखं ताठ होऊन रडत असेल तर दोन-तीन दिवसांत दाखवा. एकीला नेताना दुसरीलाही न्या.

किती दिवसांत फरक पडतो?

क्रम बसायला दोन-तीन आठवडे. स्वतः झोपायला शिकायला, वय झालं असेल तर, चार रात्रींपासून दोन आठवड्यांपर्यंत. मग दात येतात, सर्दी होते, गावाला जाऊन येतो, आणि घडी विस्कटते. परत त्याच अंगाईपासून सुरू करायचं, दुसऱ्या वेळी ती पटकन बसते.

माझ्या वहीत ११ महिने ६ दिवसांच्या पानावर दोन्ही रकाने रात्री आठ ते पहाटे साडेचार कोरे आहेत. साडेचारला उजव्या रकान्यात लिहिलंय: धाकटी उठली, हसली, परत झोपली.